स्मृती-पत्त्यांची मर्यादा आणि साठवण-उपकरणांचे ड्रायव्हर : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : मुंबई व पुणे येथील संगणक-परंपरा)

सारांश

संगणकाच्या स्मृतीतील (मेमरीतील) प्रत्येक जागेला क्रमांक असतो. या क्रमांकाला पत्ता असे म्हणतात. पत्ता लिहिण्यासाठी यंत्राने जितक्या तारा व जितके बिट राखून ठेवले असतील, तितक्याच स्मृतीपर्यंत त्या यंत्राचा हात पोहोचतो. मुख्य प्रक्रियकाचा (प्रोसेसरचा) हात जितका लांब, तितकाच डिस्क-कंट्रोलरचा असेलच असे नाही. या दोहोंतील तफावत भरून काढण्याचे काम ड्रायव्हर नावाचा आज्ञासमूह करतो. प्रस्तुत निबंधात १९६० च्या टिफरॅक यंत्रापासून अलीकडच्या अल्पखर्ची संगणकांपर्यंत या तफावतीचा इतिहास मांडला आहे. मर्यादा नाहीशी झाल्यामुळे विदा (डेटा) सुरक्षित राहिलेली नसून, मर्यादा प्रामाणिकपणे जाहीर करण्याची शिस्त रुजल्यामुळे ती सुरक्षित राहिली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्मृती-पत्ता, डीएमए, बाउन्स बफर, ड्रायव्हर, लिनक्स, टिफरॅक, परम १००००.

१. प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सामान्यतः वेगाचा आणि क्षमतेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणता प्रक्रियक आला, त्याचा वेग किती होता, स्मृती किती पटींनी वाढली, याच्या सनावळ्या पाठ्यपुस्तकांत आढळतात. परंतु नवे यंत्र आले म्हणून जुनी उपकरणे त्याच दिवशी मोडीत निघत नाहीत. नव्या मदरबोर्डावर जुने कार्ड बसते आणि नव्या संगणकाला जुनी हार्ड डिस्क जोडली जाते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तर वेगवेगळ्या वर्षांच्या अनुदानांतून आलेली यंत्रे एकाच खोलीत नांदत असतात. अशा सहअस्तित्वाचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. तो ज्या ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसतो, ते ठिकाण म्हणजे साठवण-उपकरणांचे ड्रायव्हर होय.

हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे, असा समज होण्याची शक्यता आहे. तथापि बँकेची खाती, रुग्णालयातील नोंदी, नगरपालिकेचे जन्म-मृत्यू दाखले, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका हे सारे आज डिस्कवर असते आणि डिस्कवरून स्मृतीत येताना प्रत्येक अक्षर ड्रायव्हरने दिलेल्या पत्त्यावर उतरते. तो पत्ता चुकला तर यंत्र बंद पडतेच असे नाही. पुष्कळदा ते चालू राहते आणि चुकीची माहिती बरोबर म्हणून दाखवते. म्हणूनच या विषयाची दखल इतिहासाच्या अभ्यासकाने घेणे आवश्यक वाटते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) स्मृती-पत्त्यांच्या मर्यादा कोणत्या ऐतिहासिक कारणांनी निर्माण झाल्या, हे पाहणे.
(आ) साठवण-उपकरणांच्या ड्रायव्हरांनी या मर्यादा हाताळण्यासाठी कोणते उपाय योजले, याचा कालानुक्रमे आढावा घेणे.
(इ) महाराष्ट्रातील संगणक-परंपरेत या प्रश्नाच्या खुणा कोठे दिसतात, हे तपासणे.

येथे एक भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. डिस्कवरील जागांना क्रमांक देण्याच्याही मर्यादा होत्या. २८ बिटांच्या क्रमांकनामुळे आयडीई डिस्कची क्षमता सुमारे १३७ जीबीवर अडत असे. ती मर्यादा डिस्कच्या आतील पत्त्यांची होती. प्रस्तुत निबंधाचा विषय संगणकाच्या मुख्य स्मृतीतील पत्त्यांचा आहे. डिस्कवरून वाचलेला मजकूर स्मृतीत नेमका कोठे ठेवायचा, हा येथील प्रश्न आहे.

३. संकल्पनेचे स्वरूप

पत्त्याची लांबी आणि पोहोच यांचा संबंध समजण्यासाठी परिचयाचे उदाहरण घेता येईल. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. त्यांनी आखलेली पिन कोड योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झाली. भाईंदर (पश्चिम) चा ४०११०१ किंवा मीरा रोडचा ४०११०७ हा क्रमांक सहाच आकड्यांचा आहे. सहा आकड्यांत फार तर दहा लाख क्रमांक मावतात. एखाद्या यंत्राला पाचच आकडे वाचता येत असतील, तर ते ४०११०१ आणि ४०११०७ यांत फरक करू शकणार नाही. दोन्ही टपाल-पिशव्या ते एकाच ठिकाणी टाकील, आणि आपण चूक केली हे त्याला कळणारही नाही. दूरध्वनीचेही असेच. मुंबई दूरध्वनी क्षेत्रात सात आकडे अपुरे पडू लागल्यावर २००२ मध्ये प्रत्येक क्रमांकापुढे २ हा आकडा लावून तो आठ आकडी करण्यात आला.

संगणकात हाच हिशेब दोनाच्या घातांकांत चालतो. १६ बिटांच्या पत्त्यात ६५,५३६ जागा मावतात, २० बिटांत १०,४८,५७६, २४ बिटांत १,६७,७७,२१६ म्हणजे १६ एमबी, आणि ३२ बिटांत ४ जीबी. दूरध्वनीच्या क्रमांकापुढे एका रात्रीत आकडा लावता आला. विकल्या गेलेल्या लाखो कार्डांवरील तारा मात्र वाढवता येत नाहीत.

दुसरी संकल्पना थेट स्मृतिप्रवेशाची, म्हणजेच डीएमएची. प्रक्रियकाने डिस्कवरील प्रत्येक शब्द स्वतः उचलून स्मृतीत ठेवायचा म्हटले, तर त्याचा बहुमोल वेळ हमालीत जातो. त्याऐवजी डिस्क-कंट्रोलरला ‘अमुक पत्त्यापासून पुढे इतका मजकूर ठेव’ असे सांगून प्रक्रियक आपल्या कामाला लागतो आणि कंट्रोलर परस्पर स्मृतीत लिहितो. येथेच धोका उद्भवतो. कारण आता स्मृतीत लिहिणारे दोघे झाले आणि दोघांच्या पत्त्यांची लांबी सारखी नाही.

समजा, कंट्रोलरला २४ बिटांचाच पत्ता कळतो आणि त्याला १६ एमबीच्या पलीकडे ४,०९६ बाइटांवर असलेला पत्ता दिला. वरचा बिट तो वाचूच शकत नाही. उरलेल्या बिटांवरून तो आरंभापासूनच्या ४,०९६ क्रमांकाच्या जागी मजकूर लिहितो. त्या जागी दुसऱ्याच कोणाची माहिती असते. ती पुसली जाते आणि ज्याने मजकूर मागितला त्याच्या जागी जुनाच केर राहतो. एका चुकीने दोन ठिकाणी नुकसान होते आणि दोन्ही ठिकाणी कोणतीही सूचना मिळत नाही.

४. पहिला टप्पा : मुंबईतील आरंभीची यंत्रे

भारतात घडवलेला पहिला मोठा अंकीय संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली प्रथम एक प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये कार्यान्वित झाले आणि पुढे पूर्ण यंत्र १९६० मध्ये रीतसर सुरू झाले. ‘टिफरॅक’ हे नाव त्यास पंडित नेहरूंनी दिले. सुमारे २,७०० निर्वात नलिका असलेल्या या यंत्राची फेराइट गाभ्यांची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. इतक्या शब्दांना क्रमांक देण्यासाठी ११ बिट पुरतात.

टिफरॅकची रचना प्रिन्स्टन येथील आयएएस यंत्राच्या वळणाची होती. कागदी फितीवरील छिद्रांच्या रूपाने माहिती आत येई. फितीचा वेग इतका मंद की स्मृतीपर्यंत परस्पर पोहोचणाऱ्या स्वतंत्र उपकरणाचा प्रश्न या अवस्थेत ऐरणीवर आला नाही. पत्त्यांची मर्यादा होती, पण ती सर्वांना सारखीच होती. प्रश्न निर्माण होतो तो मर्यादेने नव्हे, तर दोन असमान मर्यादा एकत्र आल्याने, ही बाब येथे लक्षात घ्यावी.

१९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी बनावटीचा संगणक आला आणि देशातील अनेक संशोधन-संस्थांची गणिते तेथे होऊ लागली. या यंत्राला निवेश-निर्गमासाठी स्वतंत्र डेटा चॅनल होते. म्हणजे चुंबकीय फितीवरील मजकूर प्रक्रियकाला न अडवता स्मृतीत जाऊ शके. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची पत्तापद्धती विशेष उद्बोधक आहे. याच कंपनीच्या आधीच्या सीडीसी १६०४ मध्ये पत्ता १५ बिटांचा, म्हणजे ३२,७६८ शब्दांपुरता होता. जुन्या आज्ञावली नव्या यंत्रावर चालाव्यात यासाठी ३६०० मध्ये तो पत्ता तसाच ठेवला गेला आणि त्यास तीन बिटांचा ‘बँक’ क्रमांक वेगळा जोडण्यात आला. अशा आठ बँका मिळून २,६२,१४४ शब्दांपर्यंत पोहोच वाढली.

जुना पत्ता न बदलता त्याला ठिगळ लावून लांबवण्याची ही रीत पुढील सर्व इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. तिच्यामागे अज्ञान नव्हते. आधीच्या गुंतवणुकीचे रक्षण हे तिचे कारण होते.

५. दुसरा टप्पा : वैयक्तिक संगणक आणि ६४ केबीची भिंत

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला. त्यातील ८०८८ प्रक्रियकाचा पत्ता २० बिटांचा होता. डीएमएसाठी मात्र इंटेलची ८२३७ ही आधीच्या काळातील चिप वापरली गेली. तिला १६ बिटांचाच पत्ता कळत असे. उरलेले चार बिट पुरवण्यासाठी ‘पेज रजिस्टर’ नावाची छोटी नोंद वेगळी जोडण्यात आली. हे पुन्हा ठिगळच होते. ८२३७ चिप आपला १६ बिटांचा क्रमांक वाढवत जाई, परंतु ६५,५३५ नंतर तो पुन्हा शून्यावर येई आणि पेज रजिस्टरला त्याची वार्ताही नसे. त्यामुळे डीएमएने आणलेला मजकूर ६४ केबीच्या सीमेवर आडवा पडला, तर त्याचा उरलेला भाग पुढे न जाता त्याच ६४ केबीच्या आरंभी लिहिला जाई.

या भिंतीचा पहिला फटका फ्लॉपी ड्रायव्हरला बसला. त्यावर दोन उपाय होते. एक, मजकूर सीमेपाशी तोडून दोन फेऱ्यांत आणणे. दुसरा, सीमेवर न येणारी एक छोटी जागा आधीच राखून ठेवणे, मजकूर प्रथम तेथे उतरवणे आणि मग प्रक्रियकाकरवी हव्या त्या ठिकाणी हलवणे. या दुसऱ्या उपायालाच पुढे ‘बाउन्स बफर’ हे नाव मिळाले. मराठीत त्यास ‘मधला साठा’ म्हणता येईल. पोस्टमन डोंगरावरील वाडीत जाऊ शकत नाही, म्हणून पायथ्याच्या दुकानात पत्रे ठेवतो आणि वाडीतला माणूस ती वर नेतो, तसाच हा प्रकार आहे. पत्र पोहोचते, पण एक खेप वाढते.

१९८४ च्या पीसी एटी मध्ये ८०२८६ प्रक्रियकाबरोबर पत्ता २४ बिटांचा झाला. पेज रजिस्टरही आठ बिटांचे झाले आणि डीएमएची पोहोच १६ एमबीपर्यंत गेली. गंमत अशी की, एटीच्या हार्ड डिस्क कंट्रोलरने डीएमए वापरलेच नाही. ८०२८६ ची शब्दमालिका हलवण्याची आज्ञा जुन्या डीएमए चिपेपेक्षा वेगवान ठरल्याने डिस्कचा मजकूर प्रक्रियकच उचलू लागला. ‘थेट’ मार्ग नेहमीच जलद असतो, हा समज येथे खोटा ठरला.

याच काळात भारतात परिस्थिती बदलत होती. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडल्यानंतर तिने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन अर्थात सीएमसी या सार्वजनिक कंपनीकडे आली. निर्मात्याच्या पश्चात यंत्रे चालवत ठेवण्याची एक पिढी येथे घडली. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली आणि सुट्या भागांतून पीसी जुळवण्याचा व्यवसाय वाढीस लागला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड त्यासाठी प्रसिद्ध झाला. जेथे मदरबोर्ड एका पिढीचा आणि कंट्रोलर कार्ड दुसऱ्या पिढीचे असते, तेथे पत्त्यांची तफावत हा पाठ्यपुस्तकी प्रश्न राहत नाही.

६. तिसरा टप्पा : १६ एमबीची रेषा आणि लिनक्स

१९८५ मध्ये ८०३८६ आला आणि प्रक्रियकाचा पत्ता ३२ बिटांचा झाला. परंतु विस्तार-कार्डांचा आयसा मार्ग २४ बिटांवरच राहिला. स्मृती महाग होती तोवर हे कोणास जाणवले नाही. १९९० च्या दशकात १६ एमबीहून अधिक स्मृतीचे पीसी दिसू लागले आणि ही जुनी रेषा उघडी पडली. ॲडाप्टेकचे एएचए-१५४२ हे त्या काळी लोकप्रिय असलेले स्कझी कार्ड स्वतःच डीएमए करी. पण त्याच्या पत्त्याच्या नोंदी तीन बाइटांच्या, म्हणजे २४ बिटांच्याच होत्या. १६ एमबीच्या वर मजकूर हवा असेल, तर मधला साठा अपरिहार्य होता.

१९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभ केलेल्या लिनक्समध्ये या प्रश्नाची उत्तरे सर्वांना वाचता येतील अशा रूपात उपलब्ध आहेत. अभ्यासकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण येथे उगम-आज्ञावली हेच दफ्तर आहे. लिनक्सने स्मृतीचे विभाग पाडले. पहिल्या १६ एमबीला डीएमए विभाग असे नाव दिले आणि ती जागा जपून वापरण्याचा नियम केला. ज्या ड्रायव्हरला आयसाची मर्यादा आहे, त्याने तसे एका खुणेने सांगायचे. मग वरच्या स्तरावरील आज्ञावली मजकूर १६ एमबीखाली उतरवून पुढे हलवी.

पुढची अडचण ३२ बिटांच्या प्रक्रियकावर अधिक स्मृती आल्याने उद्भवली. पेंटियम प्रो (१९९५) पासून पीएई पद्धतीने ३६ बिटांचा भौतिक पत्ता, म्हणजे ६४ जीबीपर्यंत स्मृती शक्य झाली. लिनक्सचा गाभा (कर्नल) मात्र ८९६ एमबीपर्यंतची स्मृतीच कायम नजरेसमोर ठेवू शके. त्यापलीकडची ‘हायमेम’ ठरली. जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.४ आवृत्तीत हायमेममधील प्रत्येक डिस्क-व्यवहार सरसकट मधल्या साठ्यातून जाई. पीसीआय मार्गावरील कंट्रोलरला ४ जीबीपर्यंत सहज पोहोचता येत असतानाही त्याच्यासाठी विनाकारण नक्कल केली जाई. ज्या सर्व्हरवर स्मृती अधिक, त्यावर नक्कलही अधिक, असा हा विपरीत न्याय होता. येन्स आक्सबो यांच्या कामामुळे २.५ च्या विकासमालिकेत प्रत्येक उपकरणाची स्वतःची मर्यादा नोंदवण्याची सोय झाली. तिचा लाभ डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीच्या वापरकर्त्यांस मिळाला.

हा बदल केवळ तांत्रिक सुधारणा नव्हे. पूर्वी सर्व उपकरणे सारखीच दुबळी समजली जात. आता प्रत्येकास ‘तुझी पोहोच किती?’ असे विचारले जाऊ लागले.

जुन्या भिंती नव्या घरात कशा शिरतात, याचेही उदाहरण येथे नमूद करणे योग्य होईल. १९९० च्या दशकाच्या मध्यात पीसीआय मार्गावरील आयडीई कंट्रोलरांसाठी इंटेलने बस-मास्टर पद्धती आखली. पत्ता ३२ बिटांचा होता. तरीही प्रत्येक नोंदीतील मजकुराने ६४ केबीची सीमा ओलांडू नये, असा नियम त्यात राहिला. मजकुराची लांबी १६ बिटांत लिहायची असल्याने शून्य म्हणजे ६४ केबी असा संकेत ठरला. काही चिपा या संकेताचा अर्थ खरोखरच शून्य असा घेत. त्यांच्यासाठी लिनक्सच्या ड्रायव्हरला ६४ केबीचे दोन तुकडे करून पाठवावे लागले. १९८१ ची चिप केव्हाच मागे पडली होती, पण तिची सीमा टिकून होती.

७. चौथा टप्पा : पत्त्यांचा दुभाषी आणि पुण्याचा ‘परम १००००’

आतापर्यंत पाहिलेले उपाय नक्कल करण्याचे होते. दुसरा मार्ग भाषांतराचा. उपकरण आणि स्मृती यांच्यामध्ये असे यंत्रांग बसवायचे की, जे उपकरणाने उच्चारलेला आखूड पत्ता घेऊन त्याचे खऱ्या, लांब पत्त्यात रूपांतर करील. या यंत्रांगास आयओएमएमयू म्हणतात. त्यात मजकूर एकदाच हलतो. मधल्या साठ्याची खेप वाचते.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या यंत्रांत ही सोय पीसीच्या बरीच आधी होती. महाराष्ट्राचा या परंपरेशी संबंध पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रातून, म्हणजे सी-डॅकमधून येतो. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या केंद्राने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. १९९८ चा ‘परम १००००’ सन एंटरप्राइज २५० या सर्व्हरांच्या जोडणीतून उभारला गेला. त्या प्रत्येकात अल्ट्रास्पार्क-२ हे ६४ बिटांचे दोन प्रक्रियक होते. या सर्व्हरांच्या पीसीआय सेतूत पत्त्यांचा असा दुभाषी अंगभूतच होता. म्हणजे ज्या वर्षांत मुंबई-ठाण्याच्या संगणक-वर्गांतील पीसी १६ एमबीच्या रेषेशी झुंजत होते, त्याच वर्षांत पुण्यातील महासंगणकात तो प्रश्न यंत्ररचनेनेच सोडवलेला होता. तंत्रज्ञानाची कालरेषा एका राज्यातही एकच नसते, हे यावरून दिसते.

स्पार्क यंत्रांचा एक दूरगामी परिणाम ड्रायव्हर-लेखनाच्या शिस्तीवर झाला. लिनक्सची स्पार्क आवृत्ती सांभाळणारे डेव्हिड मिलर हे डीएमए-मॅपिंगच्या मार्गदर्शिकेच्या तीन लेखकांपैकी एक होत. त्या मार्गदर्शिकेचा आशय असा : ड्रायव्हरने स्मृतीचा भौतिक पत्ता परस्पर उपकरणाला देऊ नये. प्रथम आपल्या उपकरणाची पोहोच किती बिटांची आहे, हे ‘डीएमए मास्क’च्या रूपाने जाहीर करावे. नंतर प्रत्येक व्यवहारासाठी गाभ्याकडे पत्ता मागावा. गाभा आपल्या यंत्रानुसार भाषांतर करील, नक्कल करील किंवा आहे तोच पत्ता देईल. काम संपल्यावर ड्रायव्हरने तो पत्ता परत करावा.

परत करण्याच्या या पायरीला विशेष महत्त्व आहे. मधला साठा वापरला जात असेल, तर डिस्कवरून आलेला मजकूर त्या पायरीवरच खऱ्या जागी हलवला जातो. एखाद्या ड्रायव्हरने ही पायरी गाळली, तरी ज्या यंत्रावर नक्कलेची गरजच नाही तेथे सारे सुरळीत चालते. दोष दिसतो तो दुसऱ्याच्या, वेगळ्या रचनेच्या यंत्रावर. चांगल्या यंत्रावर लिहिलेला निष्काळजी ड्रायव्हर साध्या यंत्रावरील विदा बिघडवतो.

८. पाचवा टप्पा : ४ जीबी आणि त्यानंतर

एप्रिल २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनबरोबर ६४ बिटांचे युग सामान्य सर्व्हरांपर्यंत आले. परंतु बहुसंख्य पीसीआय कार्डे ३२ बिटांचीच होती. १६ एमबीच्या रेषेची कथा आता ४ जीबीवर पुन्हा घडू लागली. एएमडीने चित्रकार्डांसाठी असलेल्या गार्ट या यंत्रांगाचा दुभाषी म्हणून उपयोग करून घेतला. इंटेलच्या २००४ नंतरच्या ६४ बिटी पीसी-प्रक्रियकांसोबत तशी सोय नव्हती. तेथे इटॅनियमसाठी लिहिलेली स्विओटीएलबी ही आज्ञावली कामास आली. ती ४ जीबीखाली साधारणतः ६४ एमबीचा मधला साठा आरंभीच राखून ठेवते. जानेवारी २००६ च्या २.६.१५ आवृत्तीत पहिल्या ४ जीबीसाठी ‘डीएमए३२’ हा स्वतंत्र विभागही करण्यात आला.

मधला साठा मर्यादित असल्याने तो भरू शकतो. डिस्कवर एकाच वेळी मोठा भार आला, तर गाभा पत्ता नाकारतो. अशा वेळी ड्रायव्हरने तो नकार तपासून काम थोड्या वेळाने पुन्हा मागितले पाहिजे. नकाराला पत्ता समजून पुढे जाणारा ड्रायव्हर म्हणजे विभाग ३ मध्ये वर्णिलेल्या आपत्तीला निमंत्रणच होय. कारण मजकूर मग कोठे उतरेल याची हमी उरत नाही.

उपकरणाने आपली मर्यादा खोटी सांगितली तर काय होते, याचा वस्तुपाठ एटीआयच्या एसबी६०० या चिपसंचाने दिला. साटा डिस्कसाठीच्या एएचसीआय मानकात ‘मला ६४ बिटांचे पत्ते कळतात’ असे सांगणारा एक बिट आहे. एसबी६०० तो बिट उंचावून दाखवी, पण अनेक मदरबोर्डांवर ते काम भरवशाचे नव्हते. परिणामी लिनक्सच्या ड्रायव्हरने त्याचा दावा अमान्य करून त्यास ३२ बिटांवरच रोखले. पुढे ज्या मदरबोर्डांवर ठरावीक दिनांकानंतरचे बायोस असेल, तेवढ्यांनाच सूट देण्यात आली. जाहीर केलेली मर्यादा कमी निघाली तर वेग घटतो. जाहीर केलेली क्षमता खोटी निघाली तर विदा नष्ट होते. या दोन चुकांचे मोल समान नाही.

२०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमई मानकात ६४ बिटांचा पत्ता गृहीतच धरलेला आहे. त्यामुळे हा इतिहास संपला, असे म्हणता येईल काय? दोन घटना तसे म्हणू देत नाहीत. पहिली, २०१९ चा रास्पबेरी पाय ४ हा शिक्षणक्षेत्रात वापरला जाणारा स्वस्त संगणक. त्याची स्मृती ४ जीबीपर्यंत होती, परंतु त्याच्या आरंभीच्या चिपेत मेमरी कार्डाच्या कंट्रोलरसह काही भागांना पहिल्या १ जीबीपर्यंतच पोहोचता येई. त्यासाठी लिनक्सच्या ६४ बिटी एआरएम शाखेत स्वतंत्र डीएमए विभाग आणावा लागला. दुसरी, स्मृतीतील मजकूर सांकेतिक ठेवणारे एएमडीचे आभासी संगणक. तेथे उपकरणाला पत्ता कळतो, पण मजकूर वाचता येत नाही. म्हणून वाचता येईल असा मधला साठा पुन्हा लागतो. जुने साधन नव्या कारणासाठी परत आले.

याच सुमारास, २०२१ मध्ये, लिनक्सच्या स्कझी स्तरातून आयसा कार्डांसाठीची सामाईक सोय काढून टाकण्यात आली. एएचए-१५४२ सारख्या कार्डांचा भार सर्वांनी वाहण्याऐवजी आता त्यांच्या ड्रायव्हरने स्वतः वाहावा, असे ठरले. सुमारे तीन दशके सर्वांच्या मार्गात असलेली ती पायरी अशा रीतीने एका कोपऱ्यात सरकली.

९. चर्चा

मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५.२० लाख आणि २०११ मध्ये आठ लाखांवर होती. १९८५ ची नगरपालिका २००२ मध्ये महानगरपालिका झाली. अशा झपाट्याने वाढलेल्या शहरात शाळा, दवाखाने, गृहनिर्माण संस्था आणि लहान उद्योग यांची दफ्तरे टप्प्याटप्प्याने संगणकावर जातात आणि प्रत्येक टप्प्याचे यंत्र वेगळे असते. जुन्या यंत्रात स्मृती वाढवणे हा अशा ठिकाणी सर्वांत स्वस्त सुधारणेचा मार्ग मानला जातो. या इतिहासाच्या प्रकाशात पाहता ती वाढ निर्धोक आहे की नाही, हे स्मृतीच्या पट्टीवर ठरत नाही. ते डिस्क-कंट्रोलरच्या पोहोचीवर आणि त्याच्या ड्रायव्हरच्या सचोटीवर ठरते. स्मृती वाढवल्यानंतर फाइली अधूनमधून बिघडू लागल्या, तर दोष सदैव डिस्कचा वा विषाणूचा नसतो. म्हणून स्मृती वाढवल्यावर मोठ्या फाइलींच्या नकला करून त्या मूळ फाइलींशी ताडून पाहण्याची साधी सवय प्रयोगशाळांनी लावून घ्यावी, असे सुचवावेसे वाटते.

अध्यापनाच्या दृष्टीनेही एक मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्या अभ्यासक्रमांत डीएमएची आकृती शिकवली जाते. परंतु उपकरणाचा पत्ता आणि स्मृतीचा पत्ता वेगळे असू शकतात, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. वरील ऐतिहासिक क्रमाने हा विषय शिकवल्यास ती आपोआप स्पष्ट होईल.

१०. निष्कर्ष

१. स्मृती-पत्त्यांच्या मर्यादा त्या त्या काळच्या आर्थिक निर्णयांतून आणि जुन्या गुंतवणुकीच्या रक्षणातून निर्माण झाल्या. सीडीसी ३६०० ची बँक व आयबीएम पीसीचे पेज रजिस्टर ही त्याची उदाहरणे होत.

२. समस्या मर्यादेची नसून असमान मर्यादांच्या सहअस्तित्वाची आहे. म्हणूनच ६४ केबी, १६ एमबी, ४ जीबी आणि अलीकडे १ जीबी अशा निरनिराळ्या रेषांवर ती पुन्हा उद्भवली.

३. तोडणे, नक्कल करणे आणि भाषांतर करणे हे तीन उपाय ड्रायव्हरांच्या इतिहासात दिसतात. त्यांपैकी नक्कल हा सर्वांत खर्चिक, तरीही सर्वांत दीर्घायुषी ठरला, कारण त्यास नव्या यंत्रांगाची गरज लागत नाही.

४. प्रत्येक उपकरणाने आपली पोहोच स्वतः जाहीर करावी, ही रीत या इतिहासाची सर्वांत मोलाची कमाई होय. आपल्याला काय जमत नाही हे आधी सांगणारे दुबळे उपकरण, सारे जमते असे सांगणाऱ्या सबळ उपकरणापेक्षा नागरिकांच्या नोंदींसाठी अधिक विश्वासार्ह आहे.